तू लपवलेला पासपोर्ट

बाई, परवा मी मँचेस्टरला परत आले. विमान लंडनला उतरलं, तिथून पुढे रेल्वे. स्टेशनाबाहेर पडले तर पाय आपोआप बसच्या थांब्याकडे वळले, कुणाला काही विचारावं लागलं नाही. तीच ओली भुरकट हवा, कोपऱ्यावर मासे-बटाटे तळल्याचा तोच वास, लाल विटांची तीच एकसारखी घरं. घरमालकिणीनं दार उघडलं, न विचारता चहा ठेवला आणि म्हणाली, बहिणीचं सगळं नीट पार पडलं का? मी हो म्हटलं. दुसरं काय सांगणार होते तिला? की माझ्या पेटीत दोन पासपोर्ट आहेत, दोन्हींवर माझंच नाव, दोन्हींत माझाच फोटो, आणि त्यातला एक तू, माझ्या सख्ख्या बहिणीनं, साडेचार वर्षं दडवून ठेवला होतास?

गावी, केनवडला, तुझ्या पुण्यानुमोदनाला सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. मी नाही बोलले. ते का आणि कसं, हेच तुला सांगायला बसले आहे. जिवंत असतीस तर समोरासमोर भांडले असते. दोन दिवस जेवले नसते, तिसऱ्या दिवशी तूच ताट पुढे सरकवलं असतंस आणि मिटलं असतं. आता कसं मिटवायचं ते सांग. मरून मोकळी झालीस. तुझं नेहमीचंच, स्वतःला हवं ते करायचं आणि मग तोंड मिटून बसायचं.

पहिल्यांदा मला तूच पाठवलंस, हे मी विसरलेली नाही. माय गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते आणि तू चौदाची. तुझी शाळा तिथंच संपली. मला कडेवर घेऊन तू शेतात निंदायला जायचीस, बांधावर पदर अंथरून निजवायचीस. वाशीमच्या बोर्डिंगात मला घालायला आलीस तेव्हा जागा नाही म्हणून तिथल्या मोठ्या बाईंनी सांगितलं, तर तू दारातच बसलीस. सकाळपासून चार वाजेपर्यंत. पाणी प्यायलासुद्धा उठली नाहीस. शेवटी त्याच कंटाळल्या. पुढे नर्सिंग झालं, एकोणसत्तर साली इथल्या इस्पितळाचं पत्र आलं, तेव्हा अख्खी वस्ती म्हणाली की एवढीशी पोरगी परदेशात एकटी कशी राहील. तू म्हणालीस, इथं कोण होतं तिच्याजवळ माझ्याशिवाय, तिथं तरी दवाखाना भरून माणसं असतील. वाशीम स्टेशनावर खिडकीतून माझ्या मांडीवर भाकरीचं गाठोडं टाकलंस आणि म्हणालीस, "जाय निमे. मांगं पाहू नको."

मी नाही पाहिलं. तू सांगितलंस म्हणून नाही पाहिलं. आणि त्याचीच शिक्षा मला पाच वर्षांनी दिलीस.

चौऱ्याहत्तरच्या एप्रिलमध्ये तीन महिन्यांच्या रजेवर आले होते. जुलैच्या सुरुवातीला परत हजर व्हायचं होतं. मुलांच्या वॉर्डाची सिस्टर, म्हणजे तिथली प्रमुख, म्हणून माझं नाव पक्कं झालं होतं, निळा गणवेश आणि चांदीचं बक्कल असलेला पट्टा. ते बक्कल मी खास विकत घेऊन तुला दाखवायला आणलं होतं. तू हातात घेतलंस, वजन पाहिलंस आणि म्हणालीस की करदोट्याला बरं आहे. हसलो होतो दोघी. त्या तीन महिन्यांत मी एवढं बोलले असेन, एवढं बोलले असेन, की भाऊजी शाळेतून येताना वस्तीतल्या पोरांना ऐकायला सोबत घेऊन यायचे. तुझा नवरा शेजारच्या गावच्या शाळेत शिपाई, सातवी शिकलेला. माझा पासपोर्ट हातात घेऊन त्यानं एकेक पान उलटून पाहिलं, अशोकाच्या सिंहांवरून बोट फिरवलं. एकदा हेडमास्तरांना दाखवायला मागून नेला आणि रुमालात गुंडाळून परत आणून दिला.

तू मात्र मँचेस्टरचं नाव काढलं की चुलीत लाकडं सारायला लागायचीस. एकदा मी सांगत होते की आपल्या वऱ्हाडचा कापूस पूर्वी या शहरात जायचा, अजून त्या गिरण्या उभ्या आहेत, बऱ्याच बंद आहेत. तू भाकरी थापत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "कापूस गेला थ्या गावाले. एक बोंड तरी वापस आलं काय?"

मी हसण्यावारी नेलं. माझं डोकंच तेव्हा ठिकाणावर नव्हतं. आणि जून निम्मा सरला तेव्हा मी सहज बोलून गेले की चला, आता घरी जायचे दिवस आले. तू विचारलंस, कोणाच्या घरी? मी जीभ चावली आणि विषय बदलला. ते एवढंच. तेवढ्यासाठी माझी दोन वर्षं गेली का, बाई? एका शब्दासाठी? मग तेव्हाच माझ्या थोबाडीत द्यायची होतीस. लहानपणी कमी दिल्यास का?

निघायला चार दिवस होते तेव्हा पासपोर्ट नाहीसा झाला. पत्र्याच्या पेटीत साड्यांच्या खाली होता, तो नाही. तू माझ्यासोबत शोधलंस. हे मला सगळ्यात जास्त झोंबतं. तू गोधड्या उसवून पाहिल्यास. ज्वारीची कणगी रिकामी केलीस, शेणामातीनं लिंपलेलं तिचं तोंड स्वतः फोडलंस आणि सगळी ज्वारी अंगणात ओतलीस. घाम पुसत म्हणालीस, अजून कुठं पाहू सांग. एवढं नाटक तुला येतं हे मला माहीत नव्हतं. एकच जागा आपण दोघींनी पाहिली नाही. भिंतीवरचे दोन फोटो. एक बुद्धाचा आणि दुसरा कोट-टायमधला, चष्म्याचा, ज्यांचं नाव आपल्या घरात सांगावं लागत नाही. त्या फोटोंसमोर तू रोज संध्याकाळी मेणबत्ती लावायचीस. मी त्यांच्यासमोर हात जोडून उभी राहिले होते. आपल्यात मागणं नसतं, मला ठाऊक आहे. तरी मी मागितलं. वीतभर अंतरावर होता माझा पासपोर्ट.

आणि मी संशय घेतला भाऊजींवर. दुसऱ्या कुणावर घेणार? त्यांनीच तो हातात धरला होता, बाहेर नेला होता. रागानं माझी मती गेली होती. विहिरीवर बाया पाणी भरत होत्या, तिथं मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "चोर बाहेरचा नाही. चोर घरातलाच हाय, शाळेत घंटी वाजवते थो." भाऊजी तिथंच होते, बैलाला पाणी पाजत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि बादली खाली ठेवली. तू कळशी भरत होतीस, बाई. तू कळशी भरलीस, डोक्यावर घेतलीस आणि चालू लागलीस. नवऱ्याला चोर म्हटलं तरी तुझ्या कळशीतलं पाणी हिंदकळलं नाही.

त्या दिवसापासून त्यांचं नाव पडलं ते पडलं. ते पंधरा दिवस शेलूबाजारला त्यांच्या बहिणीकडे जाऊन राहिले. परत आले तेव्हा शाळेच्या कोठीच्या किल्ल्या हेडमास्तरांनी स्वतःच्या खिशात ठेवायला सुरुवात केली होती. घंटा वाजवायची, झाडायचं, पाणी भरायचं, पण कुलूप उघडायचं नाही. हे सगळं तू पाहत होतीस.

तुझा घसा बिघडला तो त्याच महिन्यात. संध्याकाळच्या वंदनेला आपण पंचशील म्हणायचो. तुला अक्षर येत नव्हतं, पण विहारात ऐकून ऐकून तू सगळं पाठ केलं होतंस, माझ्यापेक्षा चांगलं. पहिलं शील म्हणायचीस, आणि दुसऱ्याला तुला ठसका लागायचा. तिसरं नीट. चौथ्याला परत ठसका. पाचवं नीट. मी नर्स ना. तुला उजेडात बसवलं, चमच्याची दांडी जिभेवर दाबून घशात पाहिलं, मिठाच्या गुळण्या करायला लावल्या. घसा लालही नव्हता. मला काही कळलं नाही. आता कळतं, दुसरं शील चोरी न करण्याचं आणि चौथं खोटं न बोलण्याचं. रोज, न चुकता, तू तेवढी दोनच सोडायचीस. माझी वाट लावायला तुला काही वाटलं नाही, नवऱ्याची इज्जत गेली त्याचं काही वाटलं नाही, पण त्या फोटोंसमोर खोटं शील म्हणायला तुझी जीभ धजली नाही. कसली माणूस होतीस तू! धड खरी नाहीस, धड खोटी नाहीस.

नवा पासपोर्ट मिळेपर्यंत मी वाशीमच्या एका दवाखान्यात इंजेक्शनं टोचत बसले. चौकशीला पोलीस येऊन गेले, अर्ज मुंबईला गेले, परत आले. बाहेर राहून दोन वर्षं पुरी झाली की कायद्यानं इथलं दार बंद होणार होतं. शहात्तरच्या एप्रिलमध्ये मी परत इथं उतरले तेव्हा त्या दोन वर्षांना नऊ दिवस कमी होते. त्या दिवशीही पाय आपोआप बसच्या थांब्याकडेच वळले होते. शहर ओळखीचं होतं, पण शहराला माझी ओळख राहिली नव्हती. माझी खोली दुसऱ्या कुणाला गेली होती. मुलांच्या वॉर्डात निळ्या गणवेशात मॉरीन उभी होती, मीच शिकवलेली पोरगी, माझ्या हाताखालची. ती बिचारी मला पाहून रडली. मला म्हाताऱ्यांच्या वॉर्डात पाठवलं. बेडपॅन उचलण्यापासून परत सुरुवात. चांदीचं बक्कल अजून पेटीत आहे.

तुझी पत्रं येत राहिली. तू सांगायचीस आणि भाऊजी लिहायचे. ज्याला मी चोर म्हटलं त्याच्याच अक्षरात मला विचारलेलं असायचं की थंडीत पायात मोजे घालतेस ना. खाली त्यांची स्वतःची एक ओळ असायची, माझा नमस्कार. मी उत्तरात त्यांना कधी उलट नमस्कार लिहिला नाही. तीन वर्षं नाही लिहिला.

मग यंदा फेब्रुवारीत तार आली. मी पोचले तेव्हा तुला जाऊन बारा दिवस झाले होते. पुण्यानुमोदन माझ्यासाठी थांबवून ठेवलं होतं. घराला चुना लावायला माणूस आला, तर भाऊजी म्हणाले, फोटो तेवढे तू उतरव, निर्मला. मी स्टुलावर चढले. कोट-टायचा फोटो खिळ्यावरून काढला आणि त्याच्या पाठीच्या पुठ्ठ्यातून तो निळा पासपोर्ट खाली सटकला, जमिनीवर पालथा पडला. मी स्टुलावरच बसले.

बाई, तुला दुसरी जागा मिळाली नाही का गं? सात समुद्र ओलांडून जो माणूस शिकून आला, ज्यानं आपल्याला शिका म्हणून सांगितलं, त्याच्या पाठीमागे माझा पासपोर्ट? ज्वारीत पुरला असतास तरी मी म्हटलं असतं अडाणी आहे. चुलीत घातला असतास तरी चाललं असतं, तेवढा राग तरी समजला असता. पण तू जपून ठेवलास. पान दुमडलेलं नाही, वाळवी लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला घातलेला. काय विचार होता? एक दिवस देणार होतीस? कधी? माझे केस पांढरे झाल्यावर?

दुसऱ्या दिवशी मांडवात वस्ती जमली. तुझा फोटो, पांढरी फुलं. एकेक जण उठून बोलत होता. सुभद्राबाईनं बहिणीला लेकीसारखं वाढवलं, सुभद्राबाई कधी कुणाशी खोटं बोलली नाही. हे दुसरं वाक्य ऐकलं आणि माझ्या कानशिलात आग पेटली. समोर कडेला भाऊजी बसले होते, पोत्यावर, पायाकडे पाहत. त्यांच्या शेजारची जागा रिकामीच होती. माणसं त्यांच्याजवळ बसायची नाहीत असं नव्हतं, पण बसली नव्हती. मला बोलायला सांगितलं. मी पिशवीतून पासपोर्ट काढला आणि वर धरला.

"हा भाऊजींनं चोरला नव्हता. बाईनं लपवला होता. मी त्यायले चोर म्हटलं, सगळ्यांसमोर म्हटलं, तं सगळ्यांसमोर माफी मांगते."

एवढंच बोलले आणि खाली बसले. बौद्धाचार्यांनी थोडं थांबून पुढची गाथा सुरू केली. मला हलकं वाटलं, खोटं कशाला सांगू. चार वर्षांचा खिळा पायातून निघाला असं वाटलं. तुझ्या फोटोकडे मी मान वळवून पाहिलंसुद्धा. म्हटलं, घे.

दोन दिवसांनी विहिरीवर गेले. दोन बाया बोलत होत्या, मला पाहून थांबल्या, पण मी ऐकलं होतं. एक म्हणत होती, सख्ख्या बहिणीचं चोरलं तिनं, तिच्या हातचं आपण किती वेळा खाल्लं असन. मी कळशी तशीच परत आणली.

भाऊजी मला सोडायला वाशीमला आले. फलाटावर सावलीत पेटीवर बसलो. गाडीला वेळ होता. मी त्यांना म्हटलं की आता हेडमास्तर किल्ल्या देतील. ते म्हणाले, देल्या, कालच देल्या. नंतर म्हणाले की त्यांना ठाऊक होतं. पहिल्याच जयंतीला, फोटोमागे चुना मारताना, त्यांनी पासपोर्ट पाहिला होता आणि जसाच्या तसा परत ठेवला होता. मी विचारलं, तुम्हाला ठाऊक आहे हे तिला ठाऊक होतं का? त्यांनी मान हलवली. नाही. सांगितलं असतं तर तिनं परत मान वर केली नसती, म्हणाले.

मी चिडले. मी त्यांच्यावरही चिडले. अजून वर्षाची मुदत होती, मी वाशीमला बसून रडत होते, आणि तुम्ही गप्प राहिलात? ते म्हणाले, हाव, चुकलो. रोज वाटे का आज देईन. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. विहिरीवर पाहिलं होतं तसं नाही, दुसऱ्याच तऱ्हेनं.

"निर्मला, चार वर्सं मी चोर होतो. मले काही दुखलं नाही, कावून का मले मालूम होतं मी चोर नाही. आता थे चोर झाली. आन् सोताच्या बाजूनं बोलाले थे हाय कुठी?"

गाडी आली. त्यांनी पेटी वर चढवली. मी खिडकीत बसले आणि यावेळी मागं पाहिलं. ते फलाटावर उभे होते, हात नव्हते हलवत.

अकोल्यापर्यंत मी तुला शिव्या दिल्या. मुंबईपर्यंत दिल्या. विमानात शेजारच्या बाईनं विचारलं, तब्येत बरी नाही का? बाई, मी खरं बोलले आणि ते बोलायलाच हवं होतं, हे मी अजून म्हणते. त्या माणसाची इज्जत त्याला परत द्यायची होती. पण ती देताना मी तुझी घेतली, आणि घेताना मला बरं वाटलं, हेही खरं आहे. तुझ्यावरचा राग माझा होता. तो मी गावाला वाटायला नको होता. गावाला काय, तुझ्या हातची भाकरी त्यांनी खाल्ली होती, पण तुझ्या कडेवर कुणी बसलं नव्हतं.

काल भाऊजींना पत्र लिहिलं. खाली पहिल्यांदा नमस्कार लिहिला. तुला माफ केलं असं त्यात लिहिलेलं नाही, कारण केलेलं नाही. माझी दोन वर्षं गेली ती गेली, मॉरीन अजून माझी वरिष्ठ आहे, आणि उद्या सकाळी सातला मला तिच्यासमोर हजर व्हायचं आहे.

पण आज बसमधून येताना मनात आलं, की तुला चोर म्हणणारी ती बाई आत्ता पुढ्यात असती तर मी तिचं तोंड धरलं असतं. तुला काय वाटेल ते म्हणायचा हक्क मला एकटीला आहे. बसभर माणसं होती. एकालाही तुझं नाव माहीत नव्हतं.